गाडीचा गिअरबॉक्स सांभाळायचा कसा

इंजिन ऑइल बदलल्याची तारीख तोंडपाठ असलेल्या माणसाला गिअर ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारा. बहुतेकांना सांगता येत नाही. या तेलासाठी डॅशबोर्डवर दिवा नसतो, बहुतेक मॅन्युअल गाड्यांना त्याची डिपस्टिक नसते, आणि ते जळत नसल्यामुळे आपोआप कमीही होत नाही. कमी होतं ते फक्त गळून. आणि आपल्याकडे ते गळणं दिसत नाही, कारण गाडीच्या पोटाला काळ्या मातीचा थर बसलेला असतो. सीलमधून पाझरलेलं तेल ती माती पिऊन घेते. अंगणात थेंब पडलेला दिसेपर्यंत आतलं पाव-अर्धा लिटर तेल गेलेलं असू शकतं, आणि छोट्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तेल असतंच मुळी दोनेक लिटर.

बऱ्याच छोट्या फ्रंट-व्हील ड्राइव्ह (समोरच्या चाकांवर चालणाऱ्या) गाड्यांत पाचवा गिअर मुख्य पेटीच्या बाहेर, टोकाच्या झाकणाखाली बसवलेला असतो. तेलाची पातळी उतरली की सगळ्यात आधी कोरडा पडतो तो हाच. गावात आणि शेतावर गाडी फिरते तोवर काही कळत नाही. मग एखाद्या दिवशी जालन्याला समृद्धीवर चढून नागपूरकडे तासन्‌तास शंभर-एकशेवीसच्या वेगाने पाचव्यात जाणं होतं, आणि वाटेत पाचव्या गिअरचा सूर बदलतो. परत येईपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं. तेल आणि मजुरी धरून दीड-दोन हजारांत भागलं असतं, त्या जागी गिअरबॉक्स उतरवायची वेळ येते.

म्हणून पुढे सगळ्यात जास्त जागा तेलालाच दिली आहे. क्लच, आवाज, चिखल-पाणी आणि ऑटोमॅटिक यांची माहिती त्यानंतर.

तेल कोणतं घ्यायचं

गाडीच्या मॅन्युअलमध्ये (सोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत) दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक तेलाचा जाडपणा: ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-८५, ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०. दुसरी त्याची प्रत: एपीआय जीएल-४ किंवा जीएल-५. दुकानात लोक फक्त "नव्वद नंबर द्या" म्हणतात आणि दुकानदार हाताला येईल ती बाटली देतो. गडबड होते ती इथे.

जीएल-५ हा आकडा मोठा म्हणून ते तेल जास्त चांगलं, असं मुळीच नाही. जीएल-५ मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या क्राउनसाठी (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या मोठ्या गिअरसाठी) असतं. तिथे दाते एकमेकांवर घसटत फिरतात, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची दाब सोसणारी रसायनं जवळपास दुप्पट असतात. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये मात्र पितळी सिंक्रो रिंगा असतात. गिअर टाकताना ही रिंग गिअरच्या शंकूला घासून दोघांचा वेग सारखा करते आणि मगच दाते जुळतात. तिला थोडं घर्षण लागतं. जीएल-५ जास्त निसरडं असल्यामुळे रिंग नीट पकडत नाही, आणि त्यातली काही रसायनं कालांतराने पितळही खातात. जीएल-४ सांगितलेल्या गाडीत जीएल-५ भरलं की काही महिन्यांत दुसरा-तिसरा गिअर टाकताना कर्र आवाज यायला लागतो. दोष गिअरबॉक्सवर जातो, चूक बाटलीची असते.

आपल्याकडे ऊन कडक म्हणून जाड तेल टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो हे खरं, पण ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० त्या उन्हात पुरतं. उलट त्याच परभणीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली येतो, तेव्हा जाड तेलात दुसरा गिअर दगडासारखा घट्ट लागतो. जाड तेलाने जुन्या गिअरबॉक्सचा आवाज दबतो, दोष जागेवरच राहतो. मॅन्युअलमध्ये जो नंबर आहे तोच घ्या. घट्टपणा कमी करणारी किंवा आवाज बंद करणारी कसलीही औषधं वरून टाकू नका.

किती किलोमीटरला

डांबरी रस्त्यावर रोजची ये-जा असेल तर ४० ते ५० हजार किलोमीटर किंवा तीन वर्षं, जे आधी येईल ते. पांदणीतून शेतावर जाणारी, गाडी भरून माणसं नेणारी, सतत फुफाट्यात असणारी गाडी असेल तर ३० हजार. मॅन्युअलमध्ये यापेक्षा कमी अंतर दिलं असेल तर तेच पाळा. नवीन गाडीचं पहिलं तेल २० हजारांच्या आत बदललं तर उत्तम, कारण नवे दाते एकमेकांवर बसताना सुरुवातीलाच सगळ्यात जास्त भुकटी सुटते. जुनी गाडी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाने काहीही सांगितलेलं असो, पहिल्या आठवड्यात तेल बदलून टाका. आतली हालत समजायचा यापेक्षा स्वस्त मार्ग नाही.

तेल बदलायची रीत

हे वर्णन समोरच्या चाकांवर चालणाऱ्या मॅन्युअल गाडीचं आहे. हॅचबॅक, छोट्या सेडान बहुतेक याच प्रकारातल्या. लागणारं सामान: मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर जास्त तेल (छोट्या गाड्यांचं माप साधारण दीड ते अडीच लिटर), ड्रेन (तेल सोडायच्या) आणि फिलर (तेल भरायच्या) प्लगचे नवे वॉशर, प्लगच्या मापाचा पाना, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळता येणारा पाना), पाच लिटरचं पसरट टोपलं, मापाचा मग, चार-पाच फूट पारदर्शक नळी आणि नरसाळं, आणि सुती फडकी. प्लगला कधी बाहेरून षटकोनी डोकं असतं, कधी आत चौकोनी किंवा षटकोनी (ॲलन) खाच. भलत्या मापाचा पाना घालून प्लगची कड घासवली की पुढचं सगळं काम बिघडतं, म्हणून आधी खाली वाकून बघून घ्या.

गाडी सपाट हवी. पातळी फिलरच्या भोकावरून ठरते, त्यामुळे फक्त पुढची बाजू जॅकवर उचलून मोजलेली पातळी चुकीचीच येते. घरी चारही कोपरे स्टँडवर घेणं जमत नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधला पिट किंवा रॅम्प तासाभरासाठी मागा. नुसत्या जॅकवर, विटांवर किंवा दगडांवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही. वीट वजनाखाली आधी न सांगता फुटते. काळ्या मातीच्या अंगणात स्टँडचे पायसुद्धा रुततात. खाली जाड फळी घाला.

काम सुरू करण्याआधी आठ-दहा किलोमीटर गाडी फिरवून आणा. कोमट तेल पातळ होऊन झरझर येतं आणि तळाचा गाळही सोबत आणतं. लांबचा प्रवास करून आल्या आल्या मात्र उघडू नका, हात भाजतो.

आता गिअरबॉक्सच्या बाहेरची माती काढा. वाळलेला चिखल लाकडी पट्टीने खरवडा, मग साबणाचं पाणी आणि ब्रश. डिझेलने धुवायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. त्याने एक्सलच्या रबरी बुटाचं आणि फाउंडेशनच्या (इंजिन ज्या आधारांवर बसवलेलं असतं त्यांच्या) रबराचं आयुष्य कमी होतं. प्लगच्या भोवतीची माती पूर्ण निघाल्याशिवाय प्लगला पाना लावू नका. तिथला एक खडा आत पडला तर तो थेट बेअरिंगपर्यंत जातो.

यानंतरचा क्रम कधीही बदलायचा नाही: आधी वरचा फिलर प्लग सैल करायचा, मगच खालचा ड्रेन प्लग उघडायचा. ड्रेन आधी उघडून सगळं तेल सांडलं आणि नंतर फिलर प्लग जाम निघाला, तर बिनतेलाची गाडी जागेवर अडकते. फिलर सहज निघत नसेल तर गंजावरचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, काम दुसऱ्या दिवसावर टाका.

ड्रेन उघडल्यावर धार संपून थेंब पडायला लागले तरी पंधरा-वीस मिनिटं थांबा. तेवढ्या वेळात प्लगचं चुंबक बघा आणि पुसून घ्या. नवा वॉशर घालून ड्रेन प्लग आधी हाताने तीन-चार आटे फिरवा, मग टॉर्क रेंच. बहुतेक छोट्या गाड्यांत हा टॉर्क २५ ते ४० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो; नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. पेटी ॲल्युमिनियमची असते, जोर लावून आवळलं की आटे जातात, आणि मग तिथे नवे आटे पाडून घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. काही कंपन्या वॉशरऐवजी आट्यांना सीलंट लावायला सांगतात. तसं असेल तर जुनं सीलंट पूर्ण खरवडून नवं पातळ लावा.

नळीचं एक टोक फिलरच्या भोकात, दुसरं वर बॉनेटमध्ये नरसाळ्याला जोडलेलं. तेल हळू ओता. गार तेल सावकाश उतरतं, दहा-पंधरा मिनिटं जाणारच. भोकातून तेल बाहेर यायला लागलं की थांबा, पाच मिनिटं आतलं तेल बसू द्या आणि जादाचं गळून जाऊ द्या. भोकाच्या खालच्या कडेला तेल टेकलेलं असलं म्हणजे पातळी बरोबर. काही गाड्यांना पातळीचं भोक नसतंच; तिथे मॅन्युअलमधलं माप मोजूनच भरायचं. जास्त भरलेलं तेल आत घुसळलं जाऊन फेसाळतं, तापतं आणि सीलमधून किंवा ब्रीदरमधून (हवा सोडायच्या भोकातून) बाहेर येतं, म्हणून "थोडं जास्त असू द्या" हा हिशोब इथे चालत नाही.

प्लग बसवून चार-पाच किलोमीटर गाडी चालवा, प्रत्येक गिअर टाकून बघा, आणि परत येऊन दोन्ही प्लगभोवती कोरडं फडकं फिरवा. आठवड्याने पुन्हा एकदा फिरवा.

आतून धुवायचं म्हणून रॉकेल किंवा डिझेल टाकून गाडी फिरवण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. करू देऊ नका. त्या पाच मिनिटांत बेअरिंगांवर तेलाचा थर राहत नाही, आणि कोपऱ्यात राहिलेलं डिझेल नव्या तेलालाही पातळ करतं. तेल फारच काळं निघालं असेल तर हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा साधं तेल बदला.

निघालेलं तेल वाचायचं

ते लगेच ओतून देऊ नका. आधी मगाने मोजा. दोन लिटरच्या जागी दीड-पावणेदोन निघालं तर कुठेतरी गळती आहे. मग उजेडात बोटांवर घेऊन बघा. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असणं ठीक आहे. ती नेहमीची झीज. बोटांत टोचणारे कण, पत्र्याचे सालटे किंवा दात्याचा तुकडा दिसला तर बेअरिंग किंवा गिअर फुटायला लागलेला आहे, गाडी लांब नेऊ नका. तेलात सोनेरी चमक असेल आणि ते कण चुंबकाला चिकटत नसतील, तर ते पितळ आहे, म्हणजे सिंक्रो रिंगा झिजतायत. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय.

गळती नेमकी कुठून हे शोधायला गिअरबॉक्स स्वच्छ धुऊन, पुसून कोरडा करायचा आणि वर अंगाला लावायची टाल्कम पावडर शिंपडायची. वीस-तीस किलोमीटर फिरून आलात की पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ दिसते, आणि तिच्या वरच्या टोकाला मूळ असतं. बहुतेक वेळा ते दोन्ही बाजूंची एक्सलची सीलं किंवा गिअर बदलायच्या दांड्याचं सील असतं. गिअरबॉक्स आणि इंजिन जिथे जोडलेले असतात तिथे खालून तेल टपकत असेल तर ते इनपुट शाफ्टचं (इंजिनाचा जोर गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचं) सील किंवा इंजिनचं मागचं सील असू शकतं. वास घ्या: गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला नसतो. या जागची गळती लांबवू नका, कारण तेल क्लच प्लेटला लागलं की प्लेट घसरते आणि ती धुऊन पुन्हा चालत नाही.

क्लच

क्लचचं आयुष्य पायावर ठरतं. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एकीची प्लेट ४० हजारांत संपते, दुसरीची लाखाच्या पुढे जाते. पेडलवर पाय टेकवून गाडी चालवणं, चढावर ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी थोपवून धरणं, आणि गतिरोधकावर तिसऱ्यातच हाफ क्लच देऊन पुढे काढणं, या तीन सवयी प्लेट जाळतात. बीड ते अंबाजोगाई किंवा लातूरहून औसा-निलंगा पट्ट्यात गावोगाव गतिरोधक आहेत. तिथे दुसरा टाका, क्लच पूर्ण सोडा. मांजरसुंब्याच्या किंवा कन्नडच्या घाटात गाड्या थांबल्या की हँडब्रेक ओढा आणि न्यूट्रल करा.

प्लेट घसरते का हे बघायला रिकाम्या सपाट रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्यात, तीस-चाळीसच्या वेगाने असताना ॲक्सिलरेटर एकदम दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग त्या मानाने वाढला नाही, तर प्लेट घसरतेय. जळक्या वासाने ते आणखी पक्कं होतं. ही चाचणी एकदाच करा.

जुन्या ऑल्टोसारख्या केबलच्या क्लचला पेडलवर मोकळी चाल असते. हाताने पेडल दाबून बघा, जोर लागायच्या आधी साधारण १० ते २० मिलिमीटर चाल हवी. गाडीगणिक आकडा थोडा बदलतो. प्लेट झिजते तशी ही चाल कमी होत जाते. ती संपली की पाय न ठेवताही क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि प्लेट घसरायला लागते. चाल जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर कर्रकन लागतात. केबलच्या टोकाच्या नटाने हे दहा मिनिटांत नीट होतं, तरी कित्येक गाड्यांच्या प्लेटा केवळ यामुळे अकाली बदलल्या जातात.

हायड्रॉलिक क्लचमध्ये ब्रेकचंच तेल असतं, डॉट ३ किंवा डॉट ४. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. पेडल मऊ लागत असेल, दोन-तीनदा दाबल्यावर गिअर पडत असेल, तर आत हवा आहे. हवा काढायला दोघं लागतात. एकाने पेडल तीन-चारदा दाबून खाली धरून ठेवायचं, दुसऱ्याने निपल (हवा काढायचं छोटं तोंड) पाव फेरा उघडून बुडबुड्यांसह तेल नळीतून बाहेर काढायचं, निपल बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मधल्या वेळात वरची डबी रिकामी होऊ देऊ नका. बऱ्याच गाड्यांत तीच डबी ब्रेकलाही तेल पुरवते. हे तेल रंग खातं, बॉनेटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

प्लेट बदलायची वेळ आली तर प्लेट, प्रेशर प्लेट (प्लेट दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्लेट सोडवणारं) असा पूर्ण संचच बदला. गिअरबॉक्स एकदा उतरवलाच आहे तर इनपुट शाफ्टचं सील बदला आणि फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या टोकाच्या जड चकतीवर) निळे डाग किंवा भेगा आहेत का बघा. बेअरिंगचे आठशे-हजार रुपये वाचवायचे आणि सहा महिन्यांनी त्याच्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा, यात कुणाचाच फायदा नाही.

आवाजावरून दोष

इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवर नाही. घरघर येतेय आणि क्लच दाबल्यावर बंद होते: इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट असेल, म्हणजे क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल: रिलीज बेअरिंग. एकाच गिअरला सूर लागत असेल तर त्या गिअरचे दाते. वळताना पुढच्या चाकातून कट-कट येत असेल तर दोष गिअरबॉक्सचा नाही, ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटचा आहे. त्याचा रबरी बूट फाटून आत माती गेलेली असते. बूट फाटल्याचं वेळीच दिसलं तर नुसता बूट, क्लिपा आणि किटसोबत येणारं ग्रीस यावर भागतं. आवाज सुरू झाल्यावर जॉइंटच बदलावा लागतो. म्हणून चाक काढाल तेव्हा बुटाच्या घड्या बोटांनी उघडून बघायच्या. भेग घडीच्या तळाशी पडते, वरून दिसत नाही.

गिअर लागताना अडतो, पण इंजिन बंद असतानाही तसाच अडत असेल, तर आधी गिअर केबल आणि तिच्या प्लास्टिकच्या बुशी बघा. चालत्या गाडीत गिअर आपोआप न्यूट्रलला येत असेल तर आधी फाउंडेशन तपासा. इंजिन हललं की लिव्हरही ओढला जातो. गिअरबॉक्स उतरवायचा निर्णय या दोन गोष्टी नीट बघितल्यावरच घ्या. रिव्हर्सचा कर्र आवाज बहुतेकदा घाईचा असतो. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, मग टाका.

पाणी आणि चिखल

ओढ्याला पाणी आलं की नळकांडी पुलावरून गाडी घालायचा मोह होतो. गिअरबॉक्सला वर एक छोटा ब्रीदर असतो, आतली गरम हवा बाहेर सोडणारा. तापलेली पेटी गार पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलांच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. चाकांच्या मध्याच्या वर पाणी चढलं असेल, तर घरी आल्यावर दोन दिवसांत ड्रेन प्लग थोडा सैल करून पहिले थेंब बघा. पाणी जड असल्यामुळे तळाला असतं, तेच आधी येतं. दुधाळ दिसलं तर तेल बदला, शंभर-दोनशे किलोमीटर चालवा, पुन्हा बदला. ऑटोमॅटिक पाण्यात बुडाली असेल तर चालूच करू नका. तिच्या आतल्या क्लचचं अस्तर गोंदाने चिकटवलेलं असतं, पाण्याने ते सुटतं. कोरड्या दिवसांत हाच ब्रीदर वाळलेल्या चिखलाने बुजतो, मग आतला दाब सीलांवर येतो आणि नवीन सीलही गळायला लागतं. तेल बदलताना त्याची टोपी हाताने फिरवून मोकळी आहे का बघा. धुताना प्रेशरचा पाइप तिच्यावर थेट मारू नका.

काळ्या रानात गाडी फसली की एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं जागेवर उभं राहतं. त्या वेळी डिफरन्शियलमधले छोटे गिअर एका पातळ पिनेवर भयंकर वेगाने फिरत असतात. एरवी ते जेमतेम हलतात, त्यामुळे तिथे तेलही बेताचंच पोचतं. मिनिटभर चाक फिरवलं तर ती पिन तापून चिकटू शकते. दोन-तीन सेकंदांत गाडी हलली नाही तर थांबा, चाकापुढचा चिखल उकरा, खाली तुराट्या किंवा पऱ्हाट्या दाबून घाला, टायरची हवा थोडी कमी करा. तरी नाहीच जमलं तर ट्रॅक्टर बोलवा.

मॅन्युअल गाडी न्यूट्रलमध्ये ओढून नेता येते. ऑटोमॅटिक आणि सीव्हीटी (पट्टा-पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक) मात्र रानातून रस्त्यावर काढण्यापुरतीच, तीही न्यूट्रलमध्ये आणि सावकाश. त्यांचा तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाकं फिरत राहिली तर आतले भाग कोरडे घासतात. तिथून गावापर्यंत फ्लॅटबेडवर न्या, किंवा ज्या चाकांवर गाडी चालते ती उचलून.

ऑटोमॅटिक असेल तर

एएमटी म्हणजे मूळ मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच आणि गिअर हलवायचं काम यंत्र करतं. भारतात ती २०१४ साली सेलेरिओतून आली. तेल बदलायची वरची रीत तिलाही लागू आहे. त्याशिवाय ज्या एएमटीत हायड्रॉलिक यंत्रणा असते, तिच्या छोट्या टाकीत वेगळं तेल असतं, त्याची पातळी दर सर्व्हिसिंगला बघा. क्लच बदलल्यावर स्कॅनर (गाडीचा संगणक वाचणारं यंत्र) लावून क्लचची नवी जागा शिकवावी लागते. तसं न केल्यास गाडी झटके देते. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणं म्हणजे इथेही हाफ क्लचच.

टॉर्क कन्व्हर्टरच्या (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणाऱ्या) ऑटोमॅटिकला "तेल आयुष्यभराचं आहे" असं सांगितलं जातं. आपल्या उन्हात ते मानू नये. हे तेल एका ठरावीक तापमानापुढे गेलं की दर दहा अंशांना त्याचं खराब होणं साधारण दुप्पट वेगाने होतं. ५० ते ६० हजारांना बदला. ड्रेन उघडल्यावर निम्मंच तेल येतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये अडकतं. म्हणून मधे थोडी गाडी फिरवून दोन-तीनदा काढा-भरा करतात. पातळी इंजिन चालू ठेवून, तेलाचं तापमान कंपनीने दिलेल्या मर्यादेत, बहुधा चाळीस अंशांच्या आसपास असताना बघायची. होंडाच्या काही गाड्यांत इंजिन बंद करून लगेच. स्कॅनरवर तापमान न बघता पातळी ठरवणाऱ्याला हे काम देऊ नका. तांबडं तेल तपकिरी होणं स्वाभाविक, जळका वास येणं वाईट.

तेलाचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळायला हवं. टोयोटाच्या बऱ्याच ऑटोमॅटिकना डब्ल्यूएस, ह्युंदाई-कियाच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकना एसपी-४. सीव्हीटीत पोलादी पट्टा पुलीवर घर्षणानेच चालतो. तिला साधं एटीएफ (ऑटोमॅटिकचं तेल) घातलं की पट्टा घसरून पुली खरवडली जाते. होंडाच्या सीव्हीटीला एचसीएफ-२, निसानच्या सीव्हीटीला एनएस-३. डबल क्लच (दोन क्लच आलटून-पालटून चालणाऱ्या) ऑटोमॅटिकमध्ये फोक्सवॅगन गटाच्या सहा गिअरच्या ओल्या, म्हणजे क्लच तेलात बुडालेल्या, डीएसजीचं तेल आणि फिल्टर ६० हजारांना बदलायचं असतं. सात गिअरच्या कोरड्या डीएसजीतले क्लच रांगेत इंच-इंच सरकताना तापतात, पुढे पुरेशी जागा झाल्यावरच गाडी हलवा.

बोलेरो, स्कॉर्पिओ आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या इतर गाड्या

इथे दोन वेगळी तेलं आहेत. गिअरबॉक्सचं वेगळं आणि मागच्या हौसिंगमधल्या क्राउनचं वेगळं. क्राउनला जीएल-५ लागतं, बहुतेक ठिकाणी ८०डब्ल्यू-९०, आणि तिथे जीएल-४ भरलं तर दाते खरवडले जातात. दोन्ही बाटल्या शेजारी उघडून ठेवू नका, एक काम संपवून दुसरी उघडा. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे सांध्याला, ग्रीसचं निपल असेल तर दर पाच हजारांना, आणि चिखलातून आल्यावर लगेच, ग्रीसगनने ग्रीस मारा; चारही टोप्यांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत. गाडीचा वेग वाढवताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना खालून टण असा आवाज आला तर क्रॉस ढिला झालाय.

जुन्या तेलाचं काय करायचं

निघालेलं तेल नवीन तेलाच्या रिकाम्या डब्यात भरून झाकण घट्ट लावा. गॅरेजवाल्यांकडून जुनं तेल विकत घेणारे येतात, त्यांच्यामार्फत ते पुनर्वापराला जातं; तिथेच द्या. धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडणं, बांधावर ओतणं किंवा नालीत सोडणं टाळा. आपल्याकडे बोअरला पाणी आधीच खोल गेलेलं आहे, आणि हे तेल मुरत त्याच पाण्याकडे जातं. दुधाळ झालेलं, पाणी मिसळलेलं तेल वेगळ्या डब्यात ठेवा आणि देताना तसं सांगा.